जानेवारीत न झोपणारा तरुण संघ

मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, वार्षिक सभा संपत आलेली असते. बाहेर चहा उकळत असतो. ‘तरुण संघाचा चिटणीस कोण?’ असं पाळकसाहेब विचारतात आणि सगळे आपापल्या पायांकडे बघू लागतात. मागच्या बाकावरून कुणीतरी तुमचं नाव घेतं, दुसरं कुणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या होतात. घरी जाताना तुमच्या खिशात एका कपाटाची किल्ली असते. कपाटात काय आहे ते मी न बघता सांगतो: मेंढपाळांचे चार झगे, मागी (बाळ येशूला बघायला आलेल्या ज्ञानी) लोकांचे पुठ्ठ्याचे मुकुट, सांताक्लॉजची पिवळी पडलेली दाढी आणि एक चांदणी, जिची वायर कुठेतरी तुटलेली आहे.

त्या कपाटावरूनच आपल्याकडच्या बऱ्याच तरुण संघांचं दुखणं कळतं. नोव्हेंबरात जाग येते. मग गाण्यांची तालीम, नाटक, घरोघरी कॅरल, २५ तारीख, वर्षाखेरची उपासना, जानेवारीत एक सहल. त्यानंतर संघ थेट पुढच्या नोव्हेंबरात उठतो. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत मी सहा वर्षं हे काम केलं. त्यातली पहिली दोन अशीच गेली. हा लेख नव्याने किल्ली मिळालेल्यांसाठी आहे. नाताळाबद्दल यात फारसं सांगणार नाही. नाताळ आपोआप होतो. जुलै आपोआप होत नाही.

एक खुलासा आधीच करतो. मी वापरतो ते शब्द आमच्याकडचे, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळ्यांचे: पाळक, उपासना, प्रभुभोजन, पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी). वसईकडच्या किंवा इतर कॅथलिक वाचकांनी पाळकाच्या जागी फादर आणि उपासनेच्या जागी मिस्सा असं वाचावं. माणसं आणि अडचणी सारख्याच आहेत.

आधी वही, मग सभा

निवड झाल्यावर मी पुढच्याच शनिवारी सभा ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर टाकलं, तीस समोसे सांगितले. आले सात जण, त्यातले दोघे माझे चुलतभाऊ. उरलेले समोसे मी तीन दिवस खाल्ले.

तुम्ही सभा घेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि पाळकांकडे जाऊन गेल्या सात-आठ वर्षांचं दृढीकरणाचं रजिस्टर मागा. कुटुंबांच्या यादीपेक्षा ही यादी जास्त बोलकी असते. यातल्या प्रत्येक मुलामुलीने काही महिने वर्ग केले, नवे कपडे शिवले, पूर्ण मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल केला, पहिलं प्रभुभोजन घेतलं. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी दिसतही नाहीत, आणि ते कधी दिसेनासे झाले हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहा. ‘येतो’, ‘बाहेरगावी’, ‘घरी आहे पण येत नाही’. लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेल्या मुलींची नावं वेगळ्या पानावर घ्या, पण खोडू नका. माहेरपणाला आल्या की त्या रविवारी हमखास येतात आणि सोप्रानोची (वरच्या सुराची) बाजू एकट्या सांभाळतात.

काही जुन्या मंडळ्यांत आजी-आजोबांच्या तोंडी अजून ‘एंडेव्हर’ हा शब्द येतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंड शहरात २ फेब्रुवारी १८८१ रोजी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या एका काँग्रिगेशनल पाळकाने आपल्या घरी तरुणांना बोलावून ‘ख्रिस्ती एंडेव्हर’ हा तरुण संघ सुरू केला. आपल्याकडे १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशनही त्याच परंपरेतलं. क्लार्कच्या संघात वेगवेगळ्या समित्या असत, आणि त्यातल्या एका समितीचं काम मला सगळ्यात आवडतं: नव्यांना आणायचं आणि न आलेल्यांची चौकशी करायची. गाणं नाही, भाषण नाही. नुसतं लक्ष ठेवायचं.

तर वही झाली की ‘घरी आहे पण येत नाही’ या पानावरच्या घरी जा. दोघांनी जा, मुलीच्या घरी जाताना बरोबर एक मुलगी असू द्या. ‘चर्चला का येत नाहीस?’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न त्यांची आई दर रविवारी विचारते. चहा घ्या, काय चाललंय विचारा, ऐका. महिनाभरात आम्हाला जे कळलं ते असं होतं: एकाची कंपनीतली सुट्टी गुरुवारी असते, रविवारी पहिली पाळी. तिघींचा क्लास रविवारी सकाळी नऊ ते बारा. एकाच्या वडिलांचं कमिटीशी जमिनीवरून वाजलेलं, त्यामुळे सगळं घरच बंद. एकाकडे बऱ्यापैकी पँट एकच होती आणि ती तो कामाला वापरायचा. एकीला देवाबद्दलच शंका होती आणि ती विचारली तर लोक काय म्हणतील याची भीती. आम्ही मात्र वर्षभर प्रार्थनेत म्हणत होतो, ‘प्रभू, तरुणांची मनं तुझ्याकडे वळव.’ वळवायला हवं होतं ते वेळापत्रक.

वडीलधाऱ्यांकडे काय मागायचं

पास्टोरेट कमिटीपुढे पहिल्याच भेटीत गिटार आणि ड्रमसेट मागू नका. मागायच्या गोष्टी तीन, आणि तिन्ही बिनपैशाच्या. आठवड्यातला एक ठरलेला वेळ, ज्या वेळी हॉल दुसऱ्या कुणाला दिला जाणार नाही. महिन्यातला एक रविवार, ज्या दिवशी वाचन, प्रार्थना, दानार्पण आणि स्वागत तरुण करतील (उपदेश पाळकांचाच राहू द्या, त्यांना धास्ती वाटत नाही). आणि कमिटीच्या बैठकीत बसायला एक खुर्ची, मताशिवाय चालेल. खुर्चीवर बसल्यावर कळतं की छताच्या गळतीसाठी किती पैसे लागतात. मग आपणही जरा कमी बोलतो.

पैशाचं एकच सांगतो. दहा रुपये आले तरी पावती, आणि रोकडवहीवर दोघांच्या सह्या. तरुण संघ विश्वासाच्या प्रश्नावर फुटल्याचं मी पाहिलेलं नाही. सहलीच्या उरलेल्या पैशांवरून फुटलेले पाहिले आहेत.

गिटारचा विषय तुम्ही काढला नाही तरी निघणारच. ज्येष्ठांना ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतपुस्तक हवं, पोरांना यूट्यूबवरची हिंदी गाणी. मी दोन्हीकडून बोलणी खाल्ली आहेत, म्हणून सांगतो: नारायण वामन टिळकांना मध्ये आणा. त्यांची पदं आज सगळ्यात जुनी आणि आपली वाटतात. पण ती आली तेव्हा मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं रुळली होती. अभंगाच्या वळणाची, भजनात बसणारी भक्तिगीतं तेव्हा नवीन होती. हे ज्येष्ठांना सांगा. पोरांना सांगा की टिळकांचं पद गिटारवर बसवून दाखवा, सोबत ढोलकी आणि टाळ घ्या, मगच पुढचं बोलू. आमच्याकडे ज्या आजोबांनी ‘हे चर्च आहे की ऑर्केस्ट्रा?’ असं विचारलं होतं, त्यांनीच पुढच्या महिन्यात टाळ मागून घेतला. वाद मिटला असं मी म्हणत नाही. आता तो आवाज किती मोठा असावा यावर आहे.

शनिवारचा सव्वा तास

वेळ संध्याकाळी सहा ते सव्वासात. दिवेलागणीनंतर मुलींना घरून फोन येऊ लागतात, आणि ते फोन आले की सभा संपल्यातच जमा. सहा म्हणजे सहा. चौघे असले तरी सुरू करा. खुर्च्या रांगेत मांडू नका, गोल मांडा. चार जण रांगेत बसले की सभा पडली असं वाटतं, गोलात बसले की गप्पा मारतायत असं वाटतं.

दोन गाणी, एक छोटी प्रार्थना, मग शास्त्रभाग. इथे भाषणाचा मोह आवरा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये युतुख नावाचा एक तरुण आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, युतुखाला खिडकीत बसल्या बसल्या झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत उठवलं. आपल्याला ते जमणार नाही, म्हणून बोलणं दहा मिनिटांच्या वर नेऊ नये.

पद्धत मी लूक २४ वरून उचलली. अम्माऊसच्या वाटेवर येशू त्या दोघांना गाठतो तेव्हा आधी शास्त्र सांगत नाही. तुम्ही चालता चालता काय बोलताय, असं विचारतो, आणि त्यांचं सगळं दुःख बोलून होईपर्यंत ऐकतो. शास्त्र त्यानंतर. तसंच करा. भाग दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगळ्या आवाजांत. तीन मिनिटं शांतता, मोबाइल टोपलीत. मग तीन प्रश्न: काय कळलं नाही? काय पटलं नाही? यातलं काय या आठवड्यात तुमच्या घरी घडलं? पहिले दोन-तीन शनिवार कुणी बोलणार नाही. ‘काय पटलं नाही’ असं विचारायला परवानगी आहे, यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

मग एक दिवस खरे प्रश्न येतात. आमच्याकडे पहिला आला तो गणपतीच्या दिवसांत. मैत्रिणीच्या आईने प्रसादाचा मोदक हातावर ठेवला, खायचा की नाही? एकीने सांगितलं, मी खाते, तिच्या आईने प्रेमाने दिलेला असतो. दुसरी म्हणाली, मी घेते आणि घरी येऊन लहान भावाला देते. (तो भाऊ तिथेच होता.) एकाच्या घरी तर प्रसाद घेतला म्हणून वडिलांनी दोन दिवस अबोला धरलेला. मी उत्तर दिलं नाही, १ करिंथ ८ आणि १० वाचायला लावलं. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावरून तिथल्या मंडळीतही हीच भांडणं होती. मूर्ती काही नाही हे आपल्याला माहीत आहे, असं म्हणणाऱ्यांना पौल सांगतो की तुमच्या मोकळेपणाने दुसऱ्याला ठेच लागू देऊ नका. आणि बाजारातलं काहीही चौकशी न करता खा, हेही तोच सांगतो. शेवटी दोघीही आपापल्या जागी राहिल्या, पण एकमेकींना नावं ठेवणं थांबलं. त्या संध्याकाळी सव्वासातला कुणीही उठलं नाही.

दुसरे नेहमीचे प्रश्न लिहून ठेवा: प्रार्थना केली तरी नापास का झालो? ख्रिस्ती नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर मंडळी काय करेल? आजोबा कोणत्या समाजातून आले हे घरात कुणी का सांगत नाही? यातल्या कशाचंच उत्तर येत नसेल तर ‘मला येत नाही, पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांना बोलावू’ असं सरळ म्हणा. लग्नाच्या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे, भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आणि विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यासाठी मंडळीतल्या एखाद्या वकिलालाच बसवा. देवाला शंका चालत नाही असं चुकूनही सुचवू नका. शंकेखोर थोमाला येशूच्या बारा शिष्यांतून कुणी काढलं नव्हतं.

काम द्या, पण खोटं नको

‘तरुणांना सहभागी करून घ्या’ असं सगळेच म्हणतात आणि मग त्यांना खुर्च्या उचलायला लावतात. खरं काम म्हणजे जे झालं नाही तर रविवारी खोळंबा होईल असं काम. ध्वनिव्यवस्था. शास्त्रवाचन, आणि त्याची शनिवारी मोठ्याने तालीम, कारण बायबलमधलं नबुखद्नेस्सर हे नाव पहिल्या फटक्यात कुणाला म्हणता येत नाही. चालता न येणाऱ्या दोन आज्यांना स्कूटरवर आणणं-सोडणं. शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या बायबल वर्गातल्या) लहानग्यांचा एक वर्ग.

आमच्याकडे एक पोरगा होता, कधीच बोलायचा नाही. त्याला आज्यांची ड्यूटी दिली. महिन्याभराने तो एका आजीचं रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक तोंडपाठ सांगत होता. आजी सगळ्यांना ‘माझा ड्रायव्हर’ म्हणून ओळख करून द्यायची. तो अजूनही फारसा बोलत नाही.

वर्षाचं गणित

मंडळीचं वर्ष आगमनकाळाने सुरू होतं, नाताळाआधीच्या चार रविवारांनी. तरुण संघाचं वर्ष मात्र जूनमध्ये सुरू करा. शाळा-कॉलेज उघडतात, नवे विद्यार्थी शहरात येतात, आणि तोवर तुमची वही तयार झालेली असते. जून-जुलैत घरभेटी आणि शनिवारच्या सभा. ऑगस्ट-सप्टेंबरात एक दिवसाचं शिबिर. कापणीच्या सणाला शेतकरी कुटुंबं आणतात त्या भाजी-धान्याचा लिलाव तरुणांनीच पुकारावा. एका भोपळ्याला काय भाव चढू शकतो हे एकदा बघाच.

पण एकच मोठा कार्यक्रम करायचा असेल तर उपासकाळातला करा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, ४० दिवस असतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. बहुतेक ठिकाणी सात वडीलधारी सात भाषणं करतात. त्यातले दोन उद्गार तरुणांसाठी मागून घ्या. चार आठवडे आधी द्या, लिहून घ्या, पाळकांना दाखवा, आणि घड्याळ लावून पाच मिनिटांवर आणा.

एका वर्षी पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे,’ एका अकरावीतल्या मुलाकडे होता. त्याच्या गावाला मार्चपासून टँकर चालू होता. त्याने योहान १९ वाचलं आणि सांगितलं की टँकर आला की त्याची आई दोन हंडे घेऊन पळते आणि आधी शेजारच्या बाळंतिणीचा हंडा भरते. मग म्हणाला, ‘येशूला आंब (आंबट द्राक्षारस) दिली. पाणी कुणीच दिलं नाही.’ आणि खाली बसला. अडीच मिनिटं झाली होती. पुढच्या वक्त्याला उभं राहायला जरा वेळ लागला.

कंपाउंडच्या बाहेर

मंडळीची पोरं सावरली की बाहेरच्या पोरांचा विचार करा. सुरुवात अभ्यासिकेने करावी, दुसरं काही सुचवणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असतो आणि मुलाला बसायला जागा नसते. चर्चचा हॉल आठवड्यातले पाच दिवस रिकामा असतो. जानेवारीपासून संध्याकाळी सहा ते दहा तो उघडा ठेवा. लागतं ते इतकंच: ट्यूबलाइट, पंखे, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, आणि दररोज एक मोठं माणूस. गल्लीतल्या कुणालाही येऊ द्या.

आणि इथे माझं मत ठाम आहे. अभ्यासाला आलेल्या मुलाच्या हातात पत्रक ठेवायचं नाही, प्रार्थनेला बसवायचं नाही. त्याच्या आईवडिलांनी त्याला गणितासाठी पाठवलंय. आमिष दाखवल्याचा संशयही येऊ नये, आणि संशयाचं जाऊ द्या, ते योग्यही नाही. त्याने स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगा. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एक परत आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग काही त्याने परत आणला नाही.

रक्तदान शिबिर सोपं आणि उपयोगाचं आहे, मात्र परवानाधारक रक्तपेढीबरोबरच घ्या. दात्याचं वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो लागतं, त्यामुळे आपली निम्मी पोरं बाद होतात. त्यांना नोंदणीला आणि चहाला बसवा. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी एक शनिवार ठेवा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या राज्य सरकारच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात, आणि दरवर्षी कुणाचा तरी अर्ज बँक खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून अडकतो. लॅपटॉप असलेली दोन मुलं तीन तासांत दहा घरांचं काम करतात. यात मुस्लिम आणि बौद्ध शेजाऱ्यांची मुलंही आली तर त्यांचेही अर्ज भरा.

कॅरलला निघताना ध्वनिवर्धक नेणार असाल तर पोलिस ठाण्यातून परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ त्यावर बंदी असते, सणांसाठी सूट असलेले दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं, ते आधी बघून घ्या. खरं म्हणजे ढोलकी आणि वीस गळे असले की ध्वनिवर्धक लागत नाही.

सुरक्षिततेचे नियम

हे कंटाळवाणं आहे आणि यावर चर्चा नको. १८ वर्षांखालच्या मुलांबरोबर कुठेही एकटा मोठा माणूस नसावा, कायम दोघे, मुली असतील तर त्यातली एक बाई. सहलीला पालकांची लेखी संमती, त्यांचा फोन नंबर आणि मुलाच्या आजाराची माहिती. धरण, तलाव, समुद्र असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यांनीही नाही. अल्पवयीन मुलामुलींना रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, जे सांगायचं ते ग्रुपवर.

एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ‘आपल्या मंडळीची अब्रू’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पोक्सो कायदा २०१२ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे, समोरचा माणूस मंडळीतला वडीलधारा असो की पाळक. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, हा आकडा हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

किल्ली कुणाला द्यायची

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरच पुढचा चिटणीस शोधा. सगळ्यात छान गाणारा किंवा बोलणारा घेऊ नका. सभा संपल्यावर न सांगता पंखे बंद करणारी जी कुणी असते, ती घ्या. सहा महिने तिला बरोबर फिरवा, घरभेटींना आणि कमिटीच्या बैठकीलाही. मग वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी विचारलं की कुणाला पायांकडे बघावं लागत नाही.

देताना वही द्या, रोकडवही द्या, कपाटाची किल्ली द्या. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा की कोणत्या घरी कुत्रा बांधलेला नसतो, कोणत्या आजीला जिना चढवत नाही, हॉलचा कोणता पंखा तीनवर ठेवला की खडखडतो. आणि चांदणीची वायर नेमकी कुठे तुटली आहे तेही.